मेजरांचं ताट

थॉर्नबी क्लबातून फोन आला तेव्हा मधुकरराव बंगळुरूच्या येलहंका भागातल्या आपल्या घरात, कानटोपी घालून, उपम्यातल्या मिरच्या वेचत बसले होते. फोन ठेवून ते परत बशीपुढे येऊन बसले.

"कोण गेलं?" प्रतिमाबाईंनी विचारलं. या वयात सकाळी सकाळी घरचा फोन वाजला की पहिला प्रश्न हाच.

"मेजर व्हिटलॉक."

"अरेरे. कधी?"

"तसे अठराशे चौऱ्याण्णवपासून जायच्या बेतात होते. काल कमिटीने ठराव केला."

प्रतिमाबाईंनी गॅस बारीक केला. "म्हणजे तुमचा नंबर लागला?"

"लागला," मधुकरराव म्हणाले, आणि वेचून ठेवलेल्या सगळ्या मिरच्या त्यांनी एकदम खाऊन टाकल्या.

आता हे मेजर कोण, आणि त्यांच्या जाण्याने येलहंक्यातल्या एका निवृत्त इंजिनियरचा नंबर कसा लागला, हे सांगायचं तर थोडा क्लबाचा इतिहास सांगावा लागेल.

थॉर्नबी क्लब हा बंगळुरूच्या जुन्या छावणी भागात, मोठ्या झाडांच्या सावलीत, दीडशे वर्षं तंगड्या पसरून बसलेला आहे. ज्या इंग्रज साहेबांनी तो काढला त्यांना बायकांपासून, कामापासून आणि एकमेकांपासून जरा लांब बसायचं होतं. पहिल्या दोन गोष्टी लगेच जमल्या. तिसरी एकाच दिवाणखान्यात बसून कशी साधायची याचा विचार कोणी केलेला नव्हता, म्हणून मग बोलायला बंदी घालण्यात आली. क्लब सभ्य गृहस्थांचा होता, आणि कोण सभ्य हे ठरवायचा अधिकार आधीपासून आत बसलेल्यांना होता. त्यामुळे आत कसं जायचं हा प्रश्न जो तेव्हा होता तोच आजही आहे.

क्लबाच्या पहिल्याच नाताळात एक निवृत्त न्यायाधीश पडद्यामागच्या खुर्चीत झोपले आणि नोकर कुलूप लावून आपापल्या घरी गेले. सुट्टी संपून दार उघडलं तेव्हा न्यायाधीशमहाराजांनी दोन मेणबत्त्या आणि बरणीभर लोणचं संपवलं होतं. त्यांनी तिथल्या तिथे राजीनामा दिला. कोंडल्याबद्दल नाही, आपण घरी आलो नाही हे घरीदारी कोणाच्याच लक्षात आलं नाही, याबद्दल. घरचा राजीनामा देता येत नव्हता.

तेव्हापासून नियम झाला. पुढच्या हॉलमध्ये पितळी खुंट्यांची रांग आहे. सभासदाने येताना टोपी खुंटीला लावायची, जाताना काढून न्यायची. टोपी खुंटीवर आहे तोवर सभासद आत आहे. सभासद आत आहे तोवर चूल विझवायची नाही, आणि दिवे लागले की त्याला जेवण वाढायचं. आणि दुसऱ्याच्या टोपीला हात लावेल तो सभ्य गृहस्थ नव्हे.

मग आले मेजर अँब्रोज व्हिटलॉक. एका संध्याकाळी ते सूप पीत असताना कोणीतरी येऊन सांगितलं, की साहेब, तुमचा घोडा सुटला. मेजर चमचा टाकून तसेच बोडक्याने स्वयंपाकघराच्या दाराने पळाले. घोडा दुसऱ्या दिवशी सकाळी आपला आपण परत आला. मेजर आले नाहीत. कोणी म्हणे ते कुन्नूरला गेले, कोणी म्हणे कोलारला एका विधवेशी लग्न करून सुखात राहिले. घोड्याला सगळं माहीत असणार असंही बऱ्याच जणांचं मत होतं, पण घोड्याने शेवटपर्यंत तोंड उघडलं नाही.

टोपी मात्र खुंटीवर होती. म्हणजे मेजर आत होते. म्हणून त्यांना जेवण वाढलं गेलं. दुसऱ्या दिवशीही वाढलं. टोपीला हात लावायची सोय नव्हती, त्यामुळे मेजर बाहेर गेले असं म्हणायची सोय नव्हती. वर्षं गेली, दोन महायुद्धं झाली, सत्तेचाळीस साल आलं. इंग्रज गेले, मेजर राहिले.

आता ताट वाढलं तर ते कोणीतरी जेवायला हवं. दुसऱ्या सभासदाने मेजरांच्या ताटाला हात लावायचा नाही. भरलं ताट स्वयंपाकघरात परत पाठवणं म्हणजे स्वयंपाक्याचा अपमान. त्या काळच्या बटलरने यावर तोड काढली. ताट मागच्या फाटकापाशी दगडी कट्ट्यावर न्यायचं, जो भुकेला दिसेल त्याला बसवायचं, आणि जेवेपर्यंत त्याला 'मेजर' म्हणायचं. नाव विचारायचं नाही, गाव विचारायचं नाही. नियम पाळला गेला, मेजर जेवले, सगळे खूश. बंगळुरूच्याच शिवाजीनगरापर्यंतचे लोक त्याला 'मेजर ऊटा' म्हणत. ऊटा म्हणजे कन्नडमध्ये जेवण.

चौऱ्याहत्तर सालच्या पावसाळ्यात मेजर होते मधुकर.

मिरजेहून सरकारी कारखान्यातल्या नोकरीसाठी आलेला बावीस वर्षांचा पोरगा. बंगळुरूच्या स्टेशनात त्याची ट्रंक गेली, ट्रंकेत सगळे दाखले. कारखान्याने सांगितलं, दाखल्यांच्या नकला आणा, मग रुजू व्हा, मग पगार. मिरजेच्या कॉलेजने सांगितलं, कारकून रजेवर आहे. शिवाजीनगरात एका पत्र्याच्या कारखान्यावर त्याने खाट घेतली होती. दिवसभर खाली हातोडे चालत आणि संध्याकाळी ते थांबले की पोटातला आवाज ऐकू येई. पाण्याने पोट भरतं हे साफ खोटं आहे, हे त्याने इंजिनियरच्या शिस्तीने स्वतः तपासून पाहिलं होतं.

असाच भटकताना तो क्लबाच्या मागच्या फाटकापाशी पोचला. तिथे क्लबाचा स्वयंपाकी पिराजी ताट घेऊन उभा होता. पिराजी बंगळुरूच्या जुन्या मराठ्यांपैकी. त्याच्या मराठीत निम्मं कन्नड आणि उरलेली कळकळ.

"काय तम्मा, ऊटा झालं का?"

मराठी ऐकून मधुकरला भडभडून आलं. पण मिरजेत जेवलास का विचारलं तर झालंय म्हणायची पद्धत आहे. "झालं," तो म्हणाला.

"झालेल्याचं तोंड असलं नसतंय. बस हितं. आन् नाव सांगू नको मला. आत्ता तू मेजर."

ताटात चॉप होता. मधुकरने तो ओळखला नाही, पण हाड ओळखलं. "आम्ही... हे खात नाही," तो म्हणाला, आणि म्हणताच त्याला मरणाची लाज वाटली.

पिराजीने चॉपकडे बघितलं, मग मधुकरकडे. तो ताट उचलून आत गेला आणि पाव, उकडलेले बटाटे, वाटाणे आणि कॅरमेल कस्टर्ड घेऊन आला. "उद्यापासून भाजीचं कटलेट करतो, मेजर. सरी?"

दुसऱ्या दिवशी कमिटीसमोर विषय आला, की मेजर व्हिटलॉक शाकाहारी झाले आहेत. एक सभासद तावातावाने म्हणाले, हा माणूस ऐंशी वर्षं मटण खातोय, अचानक काय झालं? अध्यक्ष म्हणाले, "सभासदाच्या ताटात डोकावणं सभ्य गृहस्थाला शोभत नाही." विषय संपला. त्या पावसाळ्यात मेजरांनी भाजीची कटलेटं खाल्ली आणि मधुकर जगला. कस्टर्डात अंडं असतं हे त्याला पुढे वीसेक वर्षांनी कळलं. तोवर ते पचलं होतं.

पगार सुरू झाल्यावर तो पेढे घेऊन फाटकाशी गेला. पिराजीने एक पेढा तोंडात टाकला आणि मान हलवली. "मला कशाला थँक्यू? मी पगारी माणूस. मेजरला सांग. टोपी पुढच्या हॉलात हाय."

पुढच्या हॉलात फक्त सभासदांना जाता येई. पाहुण्यांना बाजूचा व्हरांडा. म्हणून मधुकररावांनी सभासदत्वासाठी अर्ज केला. बाकी त्यांना क्लबात काही नको होतं. व्हिस्की घेत नव्हते, बिलियर्ड्स कळत नव्हतं. एकदा त्या टोपीसमोर उभं राहायचं आणि आभार मानायचे, बस.

सभासदांची संख्या ठरलेली. कोणी गेल्याशिवाय जागा नाही, आणि बंगळुरूच्या हवेत, कोणी बोलत नाही अशा ठिकाणी, रोज वेळेवर जेवून माणसं जातच नसत. दर नाताळला क्लबाचं कार्ड येई: आपण प्रतीक्षेत आहात याचा आम्हाला आनंद आहे. मधुकररावांचं लग्न झालं, मुलगी केतकी झाली, ती शिकून परदेशी गेली, ते निवृत्त झाले, पिराजी वारला. कार्डं येत राहिली. प्रतिमाबाई त्या क्लबाला 'माझी सवत' म्हणत. "सवत बरी असते," त्या म्हणत, "निदान ती तरी आत घेते."

आणि आता मेजर गेले होते. कसे, ते सेक्रेटरी विश्वेश्वरांनी फोनवर फार जड आवाजात सांगितलं होतं. दीडशेव्या वर्षानिमित्त क्लबाने ॲप काढलं. सगळ्या सभासदांची माहिती त्यात भरायची. मेजरांपाशी येऊन गाडी अडली, कारण जन्मसालाच्या यादीत एकोणीसशेच्या मागे जाताच येत नव्हतं. तीन मीटिंगा झाल्या. मलेरियाने जे साधलं नाही, दोन महायुद्धांनी साधलं नाही, ते मोबाईलच्या एका चौकोनाने साधलं. मेजर हयात नाहीत, असा ठराव एकमताने झाला; दोन सभासदांनी उभं राहून डोळे पुसले.

*

शनिवारी दुपारी मधुकरराव आणि प्रतिमाबाई टॅक्सीने निघाले. मधुकररावांनी कोट घातला होता, बूट घातले होते आणि मांडीवर कापडी पिशवीत कानटोपी घेतली होती. मरून लोकरीची, प्रतिमाबाईंनी विणलेली, डोक्यावर गोंडा असलेली.

"अहो, मी परत सांगते. शिवाजीनगरात हॅटचं दुकान आहे. वाटेतच आहे. दोन मिनिटं लागतील."

"नियमात 'सभासदाची स्वतःची टोपी' असं लिहिलंय. माझी स्वतःची ही आहे."

"त्या पितळी खुंट्यांवर? साहेबांच्या हॅटींशेजारी हा गोंडा?"

"त्यातली एक हॅट तरी कोणी डोक्यावर घालतं का? गाडीतून हातात धरून आणतात, लावतात, परत हातात धरून नेतात. मी निदान रोज घालतो."

"लोकरसुद्धा सेलमधली आहे हो," प्रतिमाबाई खिडकीकडे बघत म्हणाल्या.

क्लबापाशी पोचल्यावर मधुकररावांनी टॅक्सी मागच्या फाटकाकडे घ्यायला सांगितली. पन्नास वर्षांत पुढून कधी आलोच नव्हतो, सवय नाही, असं ते म्हणाले. कट्टा होता तिथेच होता. त्यावर पिराजीचा पुतण्या गुंडो वाटाणे सोलत बसला होता. तो आता क्लबाचा मुख्य स्वयंपाकी होता आणि मधुकररावांना ओळखत होता, कारण दर दिवाळीला त्याच्याकडे चिवड्याचा डबा येई.

"या अण्णा, या अक्का! आज तुमचं मोठं काम की."

"हो. आज ताटात काय?"

गुंडोने वाटाण्याची शेंग खाली ठेवली. "चॉप. मोठ्या काकाच्या हातचा होता तसाच करणार आज. शेवटचा आहे ना."

"शेवटचा कसा?"

"मेजर गेले तर ताट कुणाला वाढायचं, अण्णा? टोपी उतरली की ऊटा बंद. कमिटीने चिठ्ठी लावलीय आत." त्याने फाटकाबाहेर बोट दाखवलं. "त्यांना सांगायचंय अजून. रोज कुणी ना कुणी असतंय. स्वल्प जीवावर आलंय."

मधुकररावांनी प्रतिमाबाईंकडे बघितलं. प्रतिमाबाईंनी मधुकररावांकडे. इतक्या दिवसांत हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. फोन आल्यापासून मधुकरराव टोपीसमोर काय बोलायचं याची तयारी करत होते. त्या टोपीला उतरवूनच आपल्याला जागा मिळते आहे, हे त्यांनी बूट पॉलिश करताना, कोट इस्त्री करताना, कुठेच मोजलं नव्हतं.

"नको म्हणून सांगा ना," व्हरांड्याकडे जाताना प्रतिमाबाई हळूच म्हणाल्या. "इतकी वर्षं नाही गेलात, आता नाही गेलात तर काय बिघडलं?"

"माझ्यानंतर एक बिल्डर आहे रांगेत. तो पाच मिनिटांत उतरवेल. मी नाही म्हटलं तरी मेजर गेलेच आहेत गं. ठराव झालाय."

"मग जाऊन आभार तरी माना," त्या म्हणाल्या. आणि दोन पावलं चालल्यावर, "आभार मानायचे आणि ताट काढून घ्यायचं. छान."

सेक्रेटरी विश्वेश्वर दारात उभे होते. उंच, कृश, टाय घातलेले. ते कन्नडमध्ये बोलत आणि मधुकरराव पन्नास वर्षांच्या कन्नडमध्ये उत्तरं देत.

"यावं, यावं. मॅडम, तुम्हीही आत चला. चार ते सात तुम्हाला परवानगी आहे."

"हा सभ्य गृहस्थांचा क्लब ना?"

"हो, मॅडम. नाव बदलायला घटनादुरुस्ती लागते. त्यामुळे आम्ही ठराव केला, की सभासदांच्या पत्नींना चार ते सात या वेळेत सभ्य गृहस्थ मानण्यात यावं."

"आणि सातनंतर?"

"सातनंतर व्हरांडा," विश्वेश्वर ओशाळून म्हणाले.

हॉल लांबच लांब होता आणि मधुकररावांना वाटलं होतं त्याहून बराच अंधारा. खुंट्यांची रांग चमकत होती. शेवटच्या खुंटीवर, सगळ्यांपासून जरा लांब, एक टोपी होती. साहेबी, उंच घुमटाची, कधीकाळी पांढरी. खाली टेबलावर काचेची एक रिकामी पेटी, आत पिवळा दिवा, मेजरांच्या टोपीसाठी. पेटीशेजारी लॅपटॉप घेऊन एक दाढीवाला मुलगा बसला होता. मधुकररावांचं आडनाव ऐकून तो ताडकन उठला.

"काका, तुम्ही मराठी! मी आशय, पुण्याचा. इंदिरानगरला ऑफिस आहे आमचं. हे ॲप मीच केलंय."

"म्हणजे मेजरांना तूच मारलंस," प्रतिमाबाई म्हणाल्या.

"काकू, सिरियसली, मला खूप गिल्टी वाटतंय. मी म्हटलं होतं त्यांना, मी ड्रॉपडाऊन वाढवून देतो, दहा मिनिटांचं काम. तर म्हणाले, नको, आता ठरावाचा मसुदा टाईप झालाय." त्याने कानटोपी मागून घेतली आणि तिला एक बारीक बिल्ला टाचला. "हा सेन्सर. टोपी खुंटीवर, तर मेंबर इन. टोपी निघाली, तर मेंबर आउट. आणि मेंबर इन असेल, तर सातला किचनला ऑटोमॅटिक ऑर्डर जाते. एकशे पन्नास वर्षांचा रूल जसाच्या तसा कोड केलाय. कोणी मध्ये पडूच शकत नाही. कमिटीसुद्धा नाही."

मधुकरराव थांबले. "कमिटीसुद्धा नाही?"

"त्यांचीच रिक्वायरमेंट होती. म्हणाले, नियम म्हणजे नियम."

"आणि सभासद गेला तर?"

"मग घरच्यांनी कळवायचं, मग आम्ही डीॲक्टिव्हेट करतो. नाही कळवलं तर चालूच." आशयने टॅब पुढे केला. "काका, एवढं शेवटचं भरू. डाएट? व्हेज ना?"

मधुकररावांच्या घराण्यात सात पिढ्यांत कोणी अंड्याच्या वासालाही उभं राहिलं नव्हतं. कस्टर्डाची गोष्ट सोडली तर.

"सगळं," मधुकरराव म्हणाले.

"सगळं म्हणजे?"

"मटण, चिकन, मासे. भाजीचं कटलेटही. रोज गुंडो ठरवेल. कोणाला काय चालतं ते त्या त्या दिवशी बघायचं."

प्रतिमाबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. चाळीसहून जास्त वर्षं त्या या माणसाला ओळखत होत्या.  त्यांनी टेबलावरची कानटोपी उचलली, गोंडा नीट केला, आणि त्यांच्या हातात दिली.

मग मधुकरराव शेवटच्या खुंटीपाशी गेले. विश्वेश्वर हात बांधून उभे राहिले. क्लबात बोलायला बंदी होती, त्यामुळे सभासद आपापल्या खुर्च्यांतून वर्तमानपत्राच्या कडेने बघत होते.

काय बोलायचं हे त्यांनी पाठ केलं होतं. इंग्रजीत, मेजरांना कळावं म्हणून. त्यात 'ऑनर' होतं, 'इन्डेटेड' होतं. त्यातलं काहीच आठवेना.

"मेजर," ते म्हणाले, "मी चौऱ्याहत्तरचा. कटलेटवाला."

टोपी गप्प होती.

"तुम्ही माझ्यासाठी मटण सोडलंत. एवढं कोण करतं? घरचं कोणी करत नाही. मी जगलो, मेजर. नोकरी केली, मुलगी शिकवली, बायको चांगली मिळाली. आता काय सांगू. पोट भरलं, एवढंच." त्यांनी नाक पुसलं. "यायला जरा उशीर झाला. आत घेत नव्हते."

वर्तमानपत्रं खाली आली होती. एका म्हाताऱ्या सभासदाने, बंदी मोडून, घसा साफ केला.

मधुकररावांनी दोन्ही हातांनी टोपी उतरवली. ती वाटली होती त्याहून फार हलकी निघाली, पापडासारखी. आत काहीही नव्हतं. कुठली खूण नव्हती, केस नव्हता. एक कोळी होता, तो घाईने बाहेर पडून खुंटीमागे गेला. मधुकररावांनी रिकाम्या खुंटीवर आपली मरून कानटोपी अडकवली. आशयच्या लॅपटॉपने 'टिंग' असा आवाज केला.

"वेलकम, काका! मेंबर इन." आशयने काचेची पेटी उघडली. "टोपी इथे ठेवा."

मधुकररावांनी टोपी पेटीत ठेवली नाही. "विश्वेश्वर," ते म्हणाले, "दुसऱ्याच्या टोपीला हात लावणारा सभ्य गृहस्थ नव्हे ना?"

"अर्थातच. पण ज्याला खुंटी मिळाली, त्याच्याकडे टोपी येते. म्हणून तर उतरवायला तुम्हाला बोलावलं."

"म्हणजे ही आता माझी."

विश्वेश्वरांनी पेटीकडे बघितलं, मग छताकडे. "तसंच म्हणावं लागेल."

"मग हिला हात लावू नका," मधुकरराव प्रेमाने म्हणाले, आणि मेजरांची टोपी छातीशी धरून, प्रतिमाबाईंचा हात धरून, स्वयंपाकघराच्या दाराकडे चालू लागले.

"काका! ओ काका!" आशय मागून ओरडला. "कानटोपी राहिली तुमची! चेकआउट नाही झालं!"

"हो का?" मधुकरराव वळलेसुद्धा नाहीत. "घोडा सुटलाय माझा. आलोच."

हॉलमध्ये क्षणभर शांतता होती, म्हणजे रोजच्यासारखीच. मग विश्वेश्वरांच्या ध्यानात आलं. त्यांनी खुंटीकडे बघितलं, हात पुढे केला, आणि सभ्य गृहस्थ असल्यामुळे मागे घेतला. तो घसा साफ करणारा म्हातारा खुर्चीतून उठला आणि त्याने टाळी वाजवली. एकच. क्लबाच्या इतिहासात वाजलेली ती पहिली टाळी असावी, कारण दोघे जण दचकून जागे झाले.

*

दोघं लगेच घरी गेले नाहीत. रस्त्यापलीकडच्या टपरीवर कॉफी घेत उभे राहिले. अंधार पडायला लागला, झाडांवर पाखरांचा कालवा सुरू झाला, आणि मधुकररावांचे कान गार पडले.

"घाला ना ती," प्रतिमाबाई म्हणाल्या.

"मेजरांची आहे."

"तुमची आहे. आत्ताच भांडून आणलीत."

त्यांनी घातली. टपरीवाला एकदा बघून कॉफी गाळायला वळला. बंगळुरूत त्याने बरंच काय काय बघितलेलं होतं.

फाटक उघडलं. गुंडो ताट घेऊन आला. चॉप होता, वाफ निघत होती. बाजूला मोटरसायकल लावून एक मुलगी कट्ट्यावर बसली होती. घरोघरी जेवणाचे डबे पोचवणाऱ्यांचं जाकीट, हेल्मेट मांडीवर. दिवसभर दुसऱ्यांचं जेवण पाठीवर वाहून दमलेली. तिने ताटाकडे बघून गुंडोला काहीतरी विचारलं. गुंडो हसला, आणि ठणठणीत आवाजात, पलीकडच्या टपरीपर्यंत ऐकू जाईल असा, म्हणाला, "माडी, ऊटा माडी! जेवा, मधुकरराव!"

मुलीने इकडेतिकडे बघितलं. मग खांदे उडवले आणि जेवायला लागली.

मधुकररावांनी कॉफीचा पेला ओठाला लावला तो तसाच धरून ठेवला. प्रतिमाबाईंनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला, नाहीतर सांडला असता.

"कस्टर्ड, मधुकरराव?" पलीकडून आवाज आला.

"कोडी," मुलगी म्हणाली. द्या.

टॅक्सी घराकडे निघाली. हेब्बाळचा पूल ओलांडल्यावर प्रतिमाबाई म्हणाल्या, "म्हणजे आता परत कधी जायचं नाही तिथे."

"गेलो तर येताना टोपी आणावी लागेल."

"पन्नास वर्षं थांबलात. अर्धा तास सभासद झालात."

"अजून आहे की. आत बसलोय मी. विचार कोणालाही." ते खिडकीतून बघत राहिले. मग म्हणाले, "एक सांगू? मी गेलो ना, की क्लबाला कळवायचं नाही."

"तोंड आवरा."

"नाही, खरंच. केतकीलाही सांगून ठेव. कोणी काही म्हणालं तरी फोन करायचा नाही तिथे."

प्रतिमाबाईंनी पदर खांद्यावरून ओढून घेतला. "मला काय करायचंय कळवून," त्या म्हणाल्या. "सांगेन, क्लबात आहेत. जेवूनच येतील."

घरी पोचल्यावर मधुकररावांनी बूट काढले, कोट काढला, आणि टोपी कुठे ठेवावी म्हणून घरभर फिरले. कपाटात बरं दिसेना. शेवटी दिवाणखान्यात, कालनिर्णयाच्या शेजारी, छत्रीच्या खुंटीवर त्यांनी ती लावली. दोन पावलं मागे होऊन बघितली. जरा वाकडी होती, सरळ केली. डोक्यावरून हवाईदलाचं एक विमान धडधडत गेलं, आणि टोपी किंचित हलली.

प्रतिमाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी खुंटीकडे बघितलं, टोपीकडे बघितलं. मग बांगड्या मागे सारून त्या स्वयंपाकघरात गेल्या. फळीवरून ताटं काढल्याचा आवाज आला. एक, दोन, आणि जरा थांबून तिसरं.

"अहो," आतून हाक आली, "विचारा त्यांना, पिठलं चालेल का."